पळायला सुरुवात करताय? मग पुस्तक कसं निवडायचं, कसं तपासायचं आणि पुण्यात कसं वापरायचं

गेल्या वर्षभरात तळजाईच्या टेकडीवर भेटणाऱ्या निदान सात-आठ जणांनी मला एकच गोष्ट विचारलीये, की पळायला सुरू करायचंय, एखादं चांगलं पुस्तक सांग ना. मी लगेच नाव सांगत नाही, आधी त्यांनाच चार प्रश्न विचारते, आणि त्यांना वाटतं की साधं पुस्तकाचं नाव विचारलं तर ही एवढी चौकशी का करतेय. त्याला कारण आहे. मी ४३व्या वर्षी सुरुवात केली तेव्हा दुकानात समोर जे सगळ्यात जाड आणि देखणं पुस्तक दिसलं ते उचललं, त्यातला पहिला तक्ताच आठवड्याला २० मैलांचा होता म्हणजे ३२ किलोमीटर, आणि मला तेव्हा सहकारनगरातून पर्वतीच्या पायथ्यापर्यंतसुद्धा सलग पळता येत नव्हतं. तरी तीन आठवडे तो तक्ता रेटला. चौथ्या आठवड्यात नडगीचं हाड असं दुखायला लागलं की जिना उतरताना कठडा धरावा लागायचा, मग सहा आठवडे सगळं बंद आणि फिजिओच्या चकरा. पुस्तक वाईट नव्हतं हो, ते दोन-तीन वर्षं पळणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं आणि प्रस्तावनेत तसं सरळ सांगितलेलंही होतं, मी प्रस्तावना न वाचता थेट तक्त्यावर गेले होते.

तेव्हापासून बरीच पुस्तकं वाचली, काही विकत घेऊन, काही लायब्ररीतून, काही मैत्रिणींकडून, आणि माझं मत आता पक्कं झालंय की नवीन माणसाला पहिल्या वर्षात पळण्याचा प्लॅन देणारं एकच पुस्तक पुरतं, आणि ते त्याला हळू पळायला लावणारं असलं पाहिजे. बाकी सगळी पुस्तकं नंतरची. हे एक पुस्तक कसं शोधायचं ते पायरी पायरीने सांगते.

पायरी १ : दुकानात जायच्या आधी एक कागद घ्या

कागदावर हे लिहा. न थांबता किती मिनिटं भरभर चालता येतं. शेवटचं पळालात ते कधी, शाळेच्या ग्राउंडवर असेल तर तसंच लिहा. वय. बीपी, शुगर, दमा, थायरॉइड, गुडघा, कंबर यातलं काही आहे का. घरात आई-वडील, काका, मामा, आत्या यांच्यापैकी कोणाला कमी वयात हार्ट अटॅक आलाय का. आणि आठवड्यातले किती दिवस सकाळचा पाऊण तास खरोखर मोकळा असतो, डबे, शाळेची व्हॅन, ऑफिसची बस हे सगळं धरून.

घरच्या हार्ट अटॅकचा प्रश्न मी मुद्दाम घातलाय. जिम फिक्स नावाच्या अमेरिकन लेखकाचं 'द कम्प्लीट बुक ऑफ रनिंग' १९७७ साली आलं, लाल कव्हर आणि त्यावर पळणारे पाय, आणि ते वाचून प्रचंड संख्येने लोक पळायला लागले. हाच माणूस १९८४ साली, ५२व्या वर्षी, पळायला गेलेला असताना हार्ट अटॅकने गेला. त्याच्या वडिलांना ३५व्या वर्षी पहिला अटॅक आला होता आणि ४३व्या वर्षी ते गेले होते, तो स्वतः पूर्वी भरपूर सिगरेट ओढायचा, वजनही खूप होतं, आणि पोस्टमॉर्टेममध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्यांमध्ये मोठे ब्लॉक सापडले. यावरून कोणी म्हणतं की बघा पळणं धोक्याचं, पण माझ्या मते यातून घ्यायचं ते वेगळं आहे, घरात असा इतिहास असेल तर पळण्याने तो पुसला जात नाही, आधी तपासून घ्यावं लागतं. आपल्याकडे हृदयविकार पाश्चात्त्य लोकांपेक्षा कमी वयात गाठतो हे तर डॉक्टर सारखं सांगतात. म्हणून चाळिशी ओलांडली असेल, किंवा बीपी-शुगर असेल, किंवा घरात कोणाला लवकर अटॅक आलेला असेल तर आधी डॉक्टरांकडे जाऊन या, ईसीजी लागेल की स्ट्रेस टेस्ट हे तेच ठरवतील, आणि मगच पुस्तक.

आता कागद बघून तुम्ही कुठे आहात ते ठरतं. अर्धा तास सलग चालता येत नसेल तर पळण्याचं पुस्तक इतक्यात नको, महिना-दीड महिना फक्त चाला, सारसबागेला चार चकरा का होईना. अर्धा-पाऊण तास चालता येतं पण पळणं जमत नाही, असे सगळ्यात जास्त लोक असतात, त्यांना चाल-पळ शिकवणारं पुस्तक हवं. आणि वीस-पंचवीस मिनिटं सलग पळता येत असेल तर मात्र पहिल्या पाच किंवा दहा किलोमीटरच्या तयारीचं पुस्तक चालेल. हा लेख मुख्यतः मधल्या गटासाठी आहे.

पायरी २ : पळण्याची पुस्तकं एका जातीची नसतात

दुकानात सगळी एकाच फळीवर असतात म्हणून गोंधळ होतो. एक असतात प्लॅनची, म्हणजे कुठल्या दिवशी किती मिनिटं, विश्रांती कधी. दुसरी शरीराची आणि शास्त्राची, स्नायू, हाडं, श्वास, आकृत्या. तिसरी गोष्टीची, म्हणजे कोणीतरी आपला पळण्याचा प्रवास लिहिलाय. तिसऱ्या जातीची पुस्तकं वाचायला सगळ्यात छान असतात आणि सगळ्यात जास्त खपतात, आणि घोळ इथेच होतो, कारण माणूस ती रात्री वाचून भारावतो आणि सकाळी उठून त्या लेखकासारखं पळायला जातो.

उदाहरण द्यायचं तर क्रिस्टोफर मॅकडूगलचं 'बॉर्न टू रन', २००९ साली आलेलं. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनमधल्या ताराहुमारा लोकांवर आहे, जे पातळ सँडल घालून डोंगरातून मैलोन् मैल पळतात. अतिशय रंगतदार पुस्तक आहे, मी दोन दिवसांत संपवलं. पण ते वाचून जगभर अनवाणी पळण्याची आणि पातळ तळव्याच्या बुटांची लाट आली, आणि २०१३ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात दहा आठवड्यांत अशा बुटांकडे वळलेल्या कित्येक धावपटूंच्या एमआरआयमध्ये पायाच्या हाडांवर ताण पडल्याच्या खुणा दिसल्या. ताराहुमारा लहानपणापासून तसे पळतात, आपण बारा वर्षं ऑफिसच्या खुर्चीत बसून उठलेलो असतो. तेव्हा गोष्टीचं पुस्तक जरूर वाचा, रोज रात्री दहा पानं वाचा, त्याने मन तयार होतं, फक्त सकाळी काय करायचं ते त्याला विचारू नका.

पायरी ३ : पुस्तक हातात घेतल्यावर कुठली पानं उघडायची

ही सगळ्यात महत्त्वाची पायरी, म्हणून जरा सविस्तर सांगते. दुकानात उभं राहून दहा मिनिटं द्या, ऑनलाइन घेत असाल तर नमुना पानं डाउनलोड करा, अनुक्रमणिका तरी दिसतेच.

सगळ्यात आधी पहिल्या आठवड्याचा तक्ता शोधा. मोजायला एक माप देते. 'काउच टू फाइव्ह के' नावाचा प्लॅन जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन तरुणाने १९९६ साली बनवला, स्वतःच्या आईसारख्या नवख्यांसाठी, नऊ आठवडे, आठवड्यातून तीन दिवस. त्यातला पहिला दिवस असा की पाच मिनिटं भरभर चालायचं, मग एक मिनिट हळू पळायचं आणि दीड मिनिट चालायचं, असं आलटून पालटून वीस मिनिटं. बस. तुमच्या हातातल्या पुस्तकाचा पहिला आठवडा याच्या आसपास असला तर ठीक. पहिल्याच दिवशी 'सलग तीन किलोमीटर' लिहिलेलं असेल तर ते परत फळीवर ठेवा. आणि विश्रांतीचे दिवस तक्त्यात छापलेले आहेत का तेही बघा, चांगल्या पुस्तकात विश्रांतीचा दिवस ठळक लिहिलेला असतो, रिकामा चौकोन सोडलेला नसतो.

दुसरं, पुस्तक वेगाबद्दल काय म्हणतं. नवीन माणसाचा एकच मोठा प्रॉब्लेम असतो, तो फार जोरात पळतो. दोन मिनिटांत धाप लागते, मग वाटतं आपल्याला जमतच नाही, आणि आठवड्याभरात बूट कपाटात. म्हणून पुस्तकात बोलता येईल इतक्याच वेगाने पळा असं कुठेतरी स्पष्ट लिहिलेलं पाहिजे, त्याला टॉक टेस्ट म्हणतात. मी आमच्या ग्रुपमधल्या काकूंना सांगते की मनाचे श्लोक म्हणत पळा, 'गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा' ही ओळ मध्ये न तुटता म्हणता आली तर वेग बरोबर, 'सर्वां'पाशीच श्वास घ्यावा लागला तर हळू व्हा. हे सगळ्यांना लगेच कळतं.

याच्याऐवजी पुस्तक जर सगळंच्या सगळं हार्ट रेटच्या आकड्यांवर चालत असेल तर नवीन माणसासाठी ते अवघड जातं. २२० वजा वय हे सूत्र तुम्ही ऐकलं असेल, ते १९७०च्या सुमाराचं आहे आणि फार ढोबळ आहे. २००१ साली २०८ वजा वयाच्या ०.७ पट असं सुधारित सूत्र आलं, साठ वर्षांच्या माणसाला जुन्याने १६० येतात आणि नव्याने १६६, आणि हीसुद्धा सरासरीच, एकाच वयाच्या दोन माणसांत दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सहज असतो. पुस्तक हा फरक सांगत असेल तर लेखक प्रामाणिक आहे असं समजा.

तिसरं, नियम कसे मांडलेत. पळण्याच्या पुस्तकांत दोन-तीन नियम देवाच्या वचनासारखे येतात. एक म्हणजे पळणं आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. नियम वाईट नाही, पण नेदरलँड्समध्ये ५३२ नवीन पळणाऱ्यांवर अभ्यास झाला, २००८ साली छापला गेला, एका गटाला हळूहळू वाढणारा १३ आठवड्यांचा प्लॅन दिला आणि दुसऱ्याला ८ आठवड्यांचा, आणि दोन्ही गटांत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झालीच. म्हणजे फक्त आकडा पाळला की वाचलो असं होत नाही, पाय काय सांगतायत तेही ऐकावं लागतं. दुसरा नियम मिनिटाला १८० पावलं. हा आकडा जॅक डॅनियल्स या कोचच्या निरीक्षणातून आला, त्यांनी १९८४च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये धावपटूंची पावलं मोजली होती. ऑलिंपिकचे धावपटू, ऑलिंपिकचा वेग! तुम्ही किलोमीटरला आठ-साडेआठ मिनिटं घेत पळताय तर १८० गाठायच्या नादात धाप लागेल. पावलं थोडी आखूड आणि थोडी भरभर टाकली तर गुडघ्यावरचा भार कमी होतो हे मात्र खरं, आणि चांगलं पुस्तक एवढंच सांगतं.

चौथं, दुखण्याचं प्रकरण. हे नसेल तर पुस्तक घेऊच नका, मग ते कितीही गाजलेलं असो. त्यात स्नायूंचं दुखणं आणि हाडाचं दुखणं यातला फरक सांगितलेला हवा, म्हणजे मांड्या-पोटऱ्या दोन दिवस जड वाटणं चालतं, पण हाडावर बोट ठेवल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल, किंवा पळताना दुखणं वाढत जात असेल, किंवा लंगडावं लागत असेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. माझ्या पहिल्या पुस्तकात हे प्रकरण होतं, एकशे चाळीसाव्या पानावर, आणि मी तोपर्यंत पोचायच्या आधीच पाय दुखायला लागला होता. म्हणून आता सांगते, पुस्तक घेतलं की तक्त्याच्या आधी हे प्रकरण वाचा.

पाचवं, आवृत्तीचं साल, हे पहिल्याच पानांमध्ये छापलेलं असतं. जुनं म्हणजे टाकाऊ असं नाही, पण दोन विषय खूप बदललेत. एक पाण्याचा. नव्वदीतल्या पुस्तकांत तहान लागायच्या आधीच प्या, जमेल तेवढं प्या असं असायचं, नंतर लक्षात आलं की लांब अंतराला फार पाणी पिऊन रक्तातलं सोडियम उतरतं आणि त्याने माणसं दगावलीसुद्धा आहेत, आता तहानेप्रमाणे प्या असं सांगतात. दुसरा स्ट्रेचिंगचा, पळायच्या आधी एका जागी उभं राहून पाय ताणून धरल्याने दुखापत टळते याला फारसा आधार मिळालेला नाही, त्यापेक्षा पाच-सात मिनिटं चालणं, पाय झुलवणं, घोटे फिरवणं बरं. आणि आहाराची प्रकरणं तर फारच जपून वाचायची. टिम नोक्स या दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांचं 'लोर ऑफ रनिंग' हा या विषयातला ग्रंथच म्हणायचा, नऊशेच्या वर पानं, पण त्यांनी स्वतःच पुढे त्यातल्या आहाराबद्दलचं मत पार उलटं केलं, आधी भरपूर कार्बोहायड्रेट सांगत होते ते नंतर कमी करा म्हणायला लागले, आणि त्यावरही अजून वाद चालूच आहेत. नवीन माणसाने एवढ्या वादात पडायचं कारणच नाही, अर्धा तास पळायला घरचं जेवण पुरतं.

मागच्या कव्हरवर 'चार आठवड्यांत दहा किलोमीटर' किंवा 'महिन्यात इतके किलो कमी' असलं काही असेल तर मी उघडतसुद्धा नाही.

पायरी ४ : मी कुठली सुचवते

मधल्या गटासाठी, म्हणजे चालता येतं पण पळता येत नाही त्यांच्यासाठी, जेफ गॅलोवे यांचं 'गॅलोवेज बुक ऑन रनिंग'. १९८४ साली पहिल्यांदा आलं, नंतर सुधारित आवृत्त्या निघाल्या, नवीनच घ्या. हा माणूस १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर पळालेला, आणि तरी त्याने आयुष्यभर लोकांना मध्ये मध्ये चाला असं शिकवलं. थकल्यावर चालायचं नाही, थकायच्या आधीच ठरवून चालायचं, ही त्याची मुख्य गोष्ट, आणि आपल्याकडे 'पळता पळता चाललो म्हणजे हरलो' असं जे डोक्यात बसलेलं असतं ते हे पुस्तक काढून टाकतं. मला हे पहिलं मिळायला हवं होतं.

वीस-पंचवीस मिनिटं पळता येणाऱ्यांना मॅट फिट्झजेरल्डचं '८०/२० रनिंग', २०१४चं. एकूण पळण्यातलं ऐंशी टक्के आरामात आणि वीस टक्केच जोरात, एवढी एक गोष्ट पूर्ण पुस्तकभर समजावलीये, स्टीफन सायलर या संशोधकाच्या कामावर ती उभी आहे. सुरुवातीची प्रकरणं नवीन माणसानेही वाचावी अशी आहेत, तक्ते मात्र नंतर.

जॅक डॅनियल्स यांचं 'डॅनियल्स रनिंग फॉर्म्युला' पुण्यातल्या बऱ्याच ग्रुपमध्ये कोच लोक वापरतात, नाव सारखं कानावर येईल. त्यात व्हीडॉट नावाचे वेगाचे तक्ते आहेत. नवख्यांसाठी व्हाइट नावाचा सोपा प्लॅनही आहे, पण बाकी पुस्तक आकड्यांनी भरलेलं आहे, आकडे आवडत असतील तर घ्या, नाहीतर वर्षभर थांबा.

शरीराचं पुस्तक हवं असेल तर एक सावधगिरी. 'सायन्स ऑफ रनिंग' नावाची दोन वेगळी पुस्तकं आहेत. एक क्रिस नेपियरचं, २०२०चं, मोठमोठ्या रंगीत आकृत्या, कुठला स्नायू कधी काम करतो, ताकदीचे व्यायाम कसे करायचे, हे नवीन माणसाला छान समजतं. दुसरं स्टीव्ह मॅग्नेसचं, २०१४चं, ते कोच आणि अनुभवी लोकांसाठी. माझ्या मैत्रिणीने नाव बघून दुसरं मागवलं आणि तिसऱ्या प्रकरणात सोडून दिलं. लेखकाचं नाव बघूनच ऑर्डर करा.

गोष्टीच्या पुस्तकांत हारुकी मुराकामीचं 'व्हॉट आय टॉक अबाउट व्हेन आय टॉक अबाउट रनिंग', एक कादंबरीकार तिशी उलटल्यावर पळायला लागला आणि पळतच राहिला, शांत पुस्तक आहे, कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचं नाही. आणि बायकांनी कॅथरीन स्वित्झरचं 'मॅरेथॉन वुमन' वाचावंच, १९६७ साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये २६१ नंबर लावून ती पळत होती आणि एका अधिकाऱ्याने रस्त्यात तिचा बिब म्हणजे अंगावरचा तो नंबर ओढायचा प्रयत्न केला, तीच ही. पहाटे पाचला बूट घालून बिल्डिंगच्या बाहेर पडताना वॉचमनपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळे बघत असतात तेव्हा मला हे पुस्तक आठवतं.

बायकांसाठी अजून एक. अमेरिकन पुस्तकांत आपल्या बायकांचं खाणं आणि रक्त गृहीत धरलेलं नसतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना ॲनिमिया निघाला, म्हणजे निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन नऊ असताना तुम्ही कुठलाही प्लॅन केला तरी धाप लागणारच, आणि ती बाई बिचारी स्वतःला आळशी समजत बसते. पळायला लागायच्या आधी हिमोग्लोबिन, आणि शाकाहारी असाल तर बी-ट्वेल्व्ह, एवढं तपासून घ्या. पुस्तकात पाळी, बाळंतपणानंतरचं पळणं, स्पोर्ट्स ब्रा यावर चार पानं तरी आहेत का तेही बघा.

पायरी ५ : पुण्यात कुठे शोधायचं

आधी लायब्ररी. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, आणि तुमच्या भागातली लहान लायब्ररीसुद्धा मेंबरांनी मागणी केली तर पुस्तक मागवते, विचारून बघा. अप्पा बळवंत चौकात अभ्यासाच्या पुस्तकांची गर्दी जास्त, पण जुन्या पुस्तकांच्या ढिगात खेळाचं इंग्रजी पुस्तक कधी कधी निम्म्याहून कमी किमतीला मिळून जातं, तेव्हा आवृत्तीचं साल बघायला विसरू नका. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर २०२३ पासून पुणे पुस्तक महोत्सव होतोय, तिथे हाताळून बघता येतं. ऑनलाइन घेतलं तर नमुना पानं वाचल्याशिवाय घेऊ नका. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पीडीएफ मात्र नकोत, लेखकाची मेहनत असते, आणि त्या बहुतेक वेळा जुन्या आवृत्तीच्या असतात.

बरीचशी चांगली पुस्तकं इंग्रजीत आहेत हे खरं, पण प्लॅनच्या पुस्तकाचं इंग्रजी सोपं असतं. इंग्रजी जड जात असेल तर घरातल्या मुलाला किंवा सुनेला सोबत घेऊन पहिली तीन प्रकरणं वाचा, आमच्या ग्रुपमधल्या एका आजोबांनी नातीकडून असंच वाचून घेतलं आणि आता दोघं मिळून येतात.

पायरी ६ : पुस्तक पुण्याच्या हिशोबात आणा

बहुतेक पुस्तकं मैलात असतात. एक मैल म्हणजे १.६ किलोमीटर, हे पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा. दहा मिनिटांचा मैल म्हणजे किलोमीटरला सव्वासहा मिनिटं, बारा मिनिटांचा मैल म्हणजे साधारण साडेसात. मी पहिल्यांदा तक्ता वाचताना '५' हा आकडा किलोमीटर समजले होते, तो आठ निघाला.

तापमान फॅरनहाइटमध्ये असतं. पुस्तकात ५० ते ६० अंश म्हणजे पळायला उत्तम असं लिहिलेलं असतं, ते आपलं १० ते १५, म्हणजे पुण्यातली डिसेंबर-जानेवारीची पहाट. एप्रिल-मे मध्ये दुपारी पारा चाळिशीला टेकतो आणि सकाळी आठलाच चटका बसतो, तेव्हा पुस्तकातला वेग विसरायचा आणि मिनिटं तेवढी पाळायची. पावसाळ्यात हवा थंड वाटते पण दमट असते, घाम वाळत नाही, तेव्हाही वेग पडतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. बर्फात कसं पळावं यावर पानंच्या पानं असतात ती सोडून द्या आणि तिथे आपलं लिहा, शेवाळलेल्या फरशीवर आणि ओल्या ड्रेनेजच्या झाकणावर पाय टाकायचा नाही.

जागेचं बघा. तक्ता सपाट रस्ता धरून असतो. तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी सुंदर आहेत पण चढ-उतार आणि खडी आहे, पहिले सहा आठवडे तिथे चाला आणि पळायचं ते सपाटीवर, रेसकोर्सच्या बाजूला, विद्यापीठात किंवा जवळच्या ग्राउंडवर. टेकडीवर पळायचंच असेल तर चढ चालत चढा. आणि भटक्या कुत्र्यांवर कुठल्याच परदेशी पुस्तकात मला काही सापडलं नाही, कुत्रं अंगावर आलं तर पळायचं थांबा, त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरा, पळत राहिलात तर ते मागे येतं.

खाण्याच्या जागी बेगल आणि ओटमील असतं तिथे केळं किंवा दोन खजूर लिहा, परत आल्यावर पोहे, उपमा, दही-भाकरी, अंडं जे घरात असेल ते.

पायरी ७ : तक्ता कालनिर्णयवर उतरवा

पुस्तक कपाटात राहतं, कालनिर्णय भिंतीवर असतं. पुस्तकातला प्लॅन, समजा नऊ आठवड्यांचा आहे, तो पेन्सिलने त्यावर लिहून काढा, पेनाने नको. आठवड्याला तीनच दिवस घ्या आणि दोन पळण्यांमध्ये एक दिवस मोकळा. मग सण बघा. गणपतीचे दहा दिवस पेठांमध्ये राहणाऱ्यांना झोप नाही आणि रस्ताही नाही, दिवाळीत पाहुणे, लग्नसराईत बाहेरगाव. त्या आठवड्यांवर आधीच 'फक्त चालणं' लिहून टाका, म्हणजे चुकलं असं वाटत नाही. पुणे इंटरनॅशनल मॅरेथॉन १९८३ पासून आहे आणि पूर्वापार डिसेंबरच्या पहिल्या रविवारची म्हणून ओळखली जाते, अशा एखाद्या दिवशी पाच किलोमीटर करायचं मनात असेल तर तिथून उलटे बारा आठवडे मोजा, नऊ प्लॅनचे आणि तीन आजारपण-सणांचे. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुम्ही पहिलं एक मिनिट पळालेलं असायला हवं.

प्रत्येक वेळी चौकोनात तीन गोष्टी लिहायच्या, किती मिनिटं, श्लोक म्हणता आला का, आणि कुठे दुखलं. अंतर लिहू नका, पहिल्या नऊ आठवड्यांत अंतराला काही अर्थ नाही. एक आठवडा चुकला तर मागचाच आठवडा परत करा, दोन चुकले तर दोन पायऱ्या मागे या. एखादा आठवडा जड गेला तर तोच पुन्हा करायला काहीच हरकत नाही, माझा पाचवा आठवडा तीन वेळा झाला होता.

या नऊ-बारा आठवड्यांत दुसरं पुस्तक उघडायचं नाही, यूट्यूबवरचा दुसरा प्लॅनही नाही. दोन प्लॅन एकत्र केले की माणूस दोन्हीतलं अवघड तेवढं उचलतो, हे मी आमच्या ग्रुपमध्ये इतक्या वेळा बघितलंय. दुसऱ्या पुस्तकाची वेळ तेव्हा, जेव्हा अर्धा तास सलग पळून घरी आल्यावर तुम्हाला सरळ स्वयंपाकाला किंवा कामाला लागता येतं. तेव्हा पहिलं पुस्तक परत एकदा चाळा, पेन्सिलच्या खुणा खोडून टाका आणि तळजाईवर जो कोणी विचारत असेल त्याला वाचायला द्या, आतल्या पानावर मैल-किलोमीटरचा हिशोब तसाच राहू द्या.